हायड्रोस्टॅटिक लॉन ट्रॅक्टरमध्ये कोणतं तेल टाकायचं? आधी ट्रान्समिशनवरची प्लेट वाचा

ट्रॅक्टर सुरुवातीला गवतात शिरला की झकास पळतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने चढ आला की दम टाकतो, पेडल शेवटपर्यंत दाबलं तरी मुंगीच्या पावलाने सरकतो, आणि तासभर उभा ठेवून थंड झाला की परत पहिल्यासारखा. हायड्रोस्टॅटिकवाला ट्रॅक्टर (म्हणजे ज्यात इंजिनची ताकद तेलाच्या दाबाने चाकांकडे जाते) ज्यांनी काही वर्षं वापरलाय त्यातल्या बऱ्याच जणांनी हे बघितलं असणार. मग वाटतं तेल जुनं झालंय, बदलून टाकू. बरोबरच वाटतं. पण तेल घ्यायला गेलं की हायड्रॉलिक ऑइल, ट्रॅक्टर फ्लुइड, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), इंजिन ऑइल, गिअर ऑइल असे डबे ओळीने मांडलेले असतात आणि नुसत्या नावावरून उचललं तर चुकायची शक्यताच जास्त, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मी स्वतः एकदा तसंच केलं होतं. हायड्रोस्टॅटिक म्हणजे हायड्रॉलिक, मग हायड्रॉलिक ऑइलच लागणार असं धरून व्हीजी ४६ भरलं. सपाटीवर दोन दिवस काहीच जाणवलं नाही, तिसऱ्या दिवशी कडक उन्हात चढावर ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. ते काढून मॅन्युअलमधलं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल (या आकड्यांचा अर्थ पुढे येतोय) भरल्यावर चढ परत जमायला लागला, पण मधल्या दिवसांत आत जी झीज झाली असेल ती काही भरून येत नाही.

असं का होतं ते कळायला आत काय चाललंय ते बघावं लागतं. साध्या गिअरबॉक्समध्ये ताकद दातांमधून जाते, तेल फक्त वंगणाचं काम करतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये ताकद तेलातूनच जाते. इंजिनचा बेल्ट एक पंप फिरवतो, पंपात छोटे छोटे पिस्टन असतात आणि त्यांच्यासमोर एक तिरकी होणारी प्लेट असते, तिला स्वॉश प्लेट म्हणतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ती प्लेट तिरकी होते, जितकी तिरकी तितका पिस्टनचा पल्ला मोठा आणि तितकं जास्त तेल पुढच्या मोटरकडे ढकललं जातं, मोटर फिरते, तिच्यापुढे गिअर आणि मग चाकं. प्लेट उलट्या बाजूला तिरकी केली की रिव्हर्स. तेल मोटरमधून निघून परत पंपातच येतं, गोल गोल फिरत राहतं.

आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट. पिस्टन आणि त्याचं भोक यांच्यामध्ये रबराचं सील वगैरे काही नसतं. काही मायक्रॉनची फट असते आणि त्या फटीतला तेलाचा थर हेच सील. तेल गरम झाल्यावर फार पातळ झालं तर दाबाखालचं तेल मोटरकडे जायच्या ऐवजी त्या फटीतून आतल्या आत गळतं, ताकद कमी होते, गळणाऱ्या तेलाने अजून उष्णता तयार होते, तेल अजून पातळ होतं. एकदा हे चक्र सुरू झालं की ट्रॅक्टर थंड केल्याशिवाय थांबत नाही. म्हणून गरम झाल्यावर तेल किती जाडी धरून ठेवतं हा या सगळ्यातला मुख्य प्रश्न आहे, बाकी सगळं त्यानंतर.

तर सुरुवात कुठून करायची? ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुठलं नाव आहे ते थोडा वेळ बाजूला ठेवा. जॉन डिअर, हस्कवार्ना, क्राफ्ट्समन यांच्या बऱ्याच लॉन ट्रॅक्टरमध्ये ट्रान्समिशन दुसऱ्याच कंपनीचं असतं, बहुतेक वेळा टफ टॉर्क किंवा हायड्रो-गिअरचं, जुन्या मशिनमध्ये ईटन किंवा सनस्ट्रँडचं. एकच टफ टॉर्क के-४६ तुम्हाला वेगवेगळ्या रंगांच्या ट्रॅक्टरखाली सापडेल, आणि उलट एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलखाली दोन वेगळी ट्रान्समिशन असतील ज्यांची तेलं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ट्रॅक्टरखाली वाका, मागच्या दोन चाकांच्या मधे जो ॲल्युमिनियमचा गठ्ठा आहे त्यावर ब्रशने गवत-माती साफ करा, एक प्लेट किंवा स्टिकर सापडेल, त्यावर मॉडेल नंबर असतो. मोबाईल आत घालून फोटो काढा, डोकं घालण्यापेक्षा ते सोपं. तो नंबर मिळाला की त्या ट्रान्समिशनचं मॅन्युअल शोधा, ट्रॅक्टरचं मॅन्युअल पण बघा, आणि दोन्हीत फरक दिसला तर डीलरला दोन्ही नंबर देऊन विचारा.

मॅन्युअल उघडल्यावर बऱ्याच जणांना धक्का बसतो कारण तिथे इंजिन ऑइल लिहिलेलं असतं. हो, इंजिन ऑइलच. के-४६ साठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० आहे, आणि टफ टॉर्क स्वतःचं ५डब्ल्यू-५० सिंथेटिकही विकते. हायड्रो-गिअरच्या अनेक मॉडेलमध्ये फॅक्टरीतूनच २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरलेलं असतं, काही नव्यांमध्ये १५डब्ल्यू-५० सिंथेटिक, आणि त्यांची अट साधारण अशी असते की ११० अंश सेल्सियसला तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडी, कमीत कमी ९ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक) असावी आणि एपीआय वर्ग, म्हणजे डब्यावरचा इंजिन ऑइलचा दर्जा, एसएल. म्हणजे त्यांचा सगळा भर गरम असतानाच्या जाडीवर आहे, मघाशी सांगितलं तेच. इंजिन ऑइल इथे चालतं ते उगाच नाही, मल्टिग्रेड असल्यामुळे ते तापल्यावर जाडी बऱ्यापैकी टिकवतं आणि त्यात झिंकवालं झीज रोखणारं ॲडिटिव्ह असतं जे पिस्टनच्या घासणाऱ्या भागांना उपयोगी पडतं.

पण म्हणून सगळ्या हायड्रोस्टॅटिकला इंजिन ऑइल असंही नाही हं. कुबोटाच्या बऱ्याच मशिनना सुपर यूडीटी२ लागतं, जॉन डिअरच्या मोठ्या गार्डन ट्रॅक्टरना हाय-गार्ड किंवा लो व्हिस्कॉसिटी हाय-गार्ड, ही सगळी ट्रॅक्टर फ्लुइडच्या जातीची, म्हणजे गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांना मिळून एकच असलेली तेलं आहेत. काही अगदी जुन्या मशिनला एटीएफ सांगितलेलं आहे. आणि हाय-गार्ड आणि लो व्हिस्कॉसिटी हाय-गार्ड हे नाव सारखं असलं तरी वेगळे डबे आहेत, घाईत दुसराच उचलला जातो, तेवढं नीट वाचून घ्या.

आता आकड्यांचा घोळ, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. डब्यावरचे आकडे एकाच फूटपट्टीचे नसतात. हायड्रॉलिक ऑइलवर आयएसओ व्हीजी ३२, ४६, ६८ असं लिहितात, तो आकडा म्हणजे ४० अंशाला किती सेंटीस्टोक. इंजिन ऑइलमधला मागचा आकडा, म्हणजे १०डब्ल्यू-३० मधला ३०, हा १०० अंशाच्या जाडीवरून ठरतो, ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या मधे आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९ च्या मधे. मग व्हीजी ४६ आणि २०डब्ल्यू-५० हे जवळपास सारखंच असेल असं वाटतं ना, ४६ आणि ५०, पण ते तसं अजिबात नाही. साधं व्हीजी ४६ तेल १०० अंशाला ७ सेंटीस्टोकच्या आसपास येतं. म्हणजे जिथे कमीत कमी १६ पाहिजे तिथे आपण ७ टाकतोय, अर्ध्याहून कमी. माझा ट्रॅक्टर चढावर का थांबला ते हा हिशेब केल्यावर कळलं. एटीएफ पण १०० अंशाला साधारण ६-७ च्याच घरात असतं, काही नवी एटीएफ त्याहून पातळ असतात, त्यामुळे मॅन्युअलमध्ये नसेल तर तेही टाकू नका.

गिअर ऑइलची फूटपट्टी तिसरीच. ७५डब्ल्यू-९० मधला ९० बघून ते फार जाड वाटतं पण ते गरम असताना इंजिन ऑइलच्या ४०-५० ग्रेडच्याच आसपास असतं. मग ते का नको? कारण त्याची ॲडिटिव्ह. जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये सल्फर-फॉस्फरसची जी ॲडिटिव्ह असतात ती गिअरच्या दातांसाठी बनवलेली असतात आणि पितळ, ब्राँझ यांसारख्या पिवळ्या धातूंना त्रास देऊ शकतात, आणि पिस्टन पंपात असे भाग असू शकतात. हायड्रोस्टॅटिकमध्ये गिअर ऑइल नाही, हे पक्कं धरा.

पुढच्या आकड्याचं काय, ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, २०डब्ल्यू? तो थंडीतला. आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. उन्हाळ्यात फक्त गवत कापणाऱ्याला २०डब्ल्यू ने काही फरक पडत नाही. पण त्याच ट्रॅक्टरने कोणी हिवाळ्यात बर्फ ढकलत असेल तर गार असताना २०डब्ल्यू इतकं घट्ट होतं की पंपाला ते ओढताच येत नाही, पंप रडल्यासारखा आवाज करतो आणि तेलाशिवाय फिरतो, आणि ती झीज फार वाईट. अशा ठिकाणी कंपनीने मान्य केलेलं सिंथेटिक, ५डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-५०, पैसे जास्त घेतं पण काम चोख करतं. गार असताना वाहतं आणि गरम झाल्यावर जाडी धरतं, दोन्ही बाजू सांभाळतं. माझं मत विचाराल तर मान्यताप्राप्त यादीत सिंथेटिक असेल तर तेच घ्या, कारण यात तेल काही दर वर्षी बदललं जात नाही, आणि सीलबंद ट्रान्समिशनमध्ये तर आयुष्यात एखाद्या वेळीच.

ट्रॅक्टर फ्लुइड घेताना एक गोष्ट मनापासून सांगतो, बादलीवर नुसतं ३०३ लिहिलेलं स्वस्त तेल घेऊ नका. ३०३ हे जॉन डिअरचं फार जुनं स्पेसिफिकेशन, त्यात स्पर्म व्हेलचं तेल वापरलं जायचं. १९७० च्या दशकात व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि ते स्पेसिफिकेशन मागे पडलं, आज त्याची चाचणी घ्यायला कोणताही चालू निकष नाही. म्हणजे ३०३ लिहिलेल्या बादलीत काय आहे याची हमी तो आकडा देत नाही, आणि अमेरिकेतल्या काही राज्यांनी याच कारणावरून त्याची विक्री थांबवली. डब्यावर जे२०सी, जे२०डी (जॉन डिअरची नंतरची स्पेसिफिकेशन) किंवा तुमच्या मॅन्युअलमधलं नेमकं स्पेसिफिकेशन लिहिलेलं असेल तेच घ्या. शिवाय काही ट्रान्समिशनमध्ये ब्रेकच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात, तिथे घर्षणाची ॲडिटिव्ह जुळली नाहीत तर ब्रेक थरथरतो किंवा घसरतो. के-४६ मध्ये पण ब्रेक आतच आहे पण तो इंजिन ऑइल धरूनच बनवलाय, दुसऱ्या एखाद्याचा ट्रॅक्टर फ्लुइड धरून बनवलेला असेल. इथे अंदाज चालत नाही, कंपनीने लिहिलंय तेच.

आता जाड तेल टाकून जुना ट्रान्समिशन बरा होतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. थोडाफार होतो. के-४६ मध्ये १०डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-५० सिंथेटिक भरल्यावर गरम झाल्यावरचा अशक्तपणा कमी झालेला अनेकांनी अनुभवलाय आणि कारणही सरळ आहे, फट तीच पण तेल जाड, गळती कमी. पण पिस्टन-ब्लॉक खरवडले गेले असतील तर तेल फक्त थोडे दिवस पुढे ढकलतं. आणि कंपनीच्या यादीबाहेर जाऊन त्याहून जाड टाकायचं, किंवा तेल घट्ट करणारी बाटली ओतायची, हे नको, पंपाला ओढता येणार नाही आणि फायद्याच्या ऐवजी नुकसान.

आणि तेलावर खर्च करण्याआधी बाहेरून बघून घ्या, नाहीतर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं व्हायचं. ट्रान्समिशनच्या वर प्लॅस्टिकचा छोटा पंखा असतो, त्याची पाती तुटलेली असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. केसिंगच्या पट्ट्यांवर वाळलेलं गवत चिकटून गोधडी झालेली असते, उष्णता बाहेर जाणार कशी? बेल्ट झिजून घसरत असेल तर पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात आणि लक्षणं हुबेहूब तेल खराब झाल्यासारखी दिसतात. बायपासचा दांडा, जो ट्रॅक्टर हाताने ढकलायला ओढतात, तो अर्धवट उघडा राहिला तरी ताकद जाते. हे सगळं तपासायला अर्धा तास लागतो, आणि कधी कधी काम तिथेच संपतं.

सगळं ठीक असेल तर मग तेल. ड्रेन प्लग आणि बाहेर फिल्टर असलेलं मॉडेल असेल तर काम सोपं. ट्रॅक्टर पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट करा, भाजेल इतकं गरम नको, सपाट जागी उभा करा, चावी काढा, भरायच्या झाकणाच्या आजूबाजूची माती आधी पुसा आणि मगच झाकण उघडा, कारण चिमूटभर वाळू आत गेली तर त्या मायक्रॉनच्या फटीत ती सॅंडपेपरचं काम करते. खाली मापाच्या खुणा असलेलं भांडं ठेवा म्हणजे किती तेल निघालं ते कळेल. फिल्टर त्याच ट्रान्समिशनसाठीचा घ्या, आटे जुळतात म्हणून इंजिनचा फिल्टर लावू नका, त्याची गाळण आणि आतला बायपास व्हॉल्व्ह वेगळ्या हिशेबाचा असतो.

के-४६ सारख्याला खाली ड्रेन प्लगच नाही. कंपनीच्या हिशेबाने तो सीलबंद, पण तेल बदलता येतं, फक्त ट्रान्समिशन ट्रॅक्टरखालून सोडवून, उलटा करून, भरायच्या भोकातून रिकामा करावा लागतो. मेहनतीचं काम आहे, रात्रभर निथळत ठेवलात तर बरं. हे जमणार नसेल तर काही जण वरच्या भोकातून पिचकारी आणि नळीने जमेल तेवढं ओढतात, नवीन भरतात, थोडं चालवतात आणि परत ओढतात. समजा दर वेळी निम्मं तेल निघालं तर तीन वेळा केल्यावर जुनं आठवा हिस्सा उरतं. त्याच ग्रेडचं तेल असेल तर हे चालून जातं, पण ग्रेड किंवा जात बदलायची असेल तर पूर्ण रिकामा करणंच योग्य, विशेषतः ट्रॅक्टर फ्लुइड आणि इंजिन ऑइल यांची मिसळ नको.

निघालेलं तेल लगेच टाकून देऊ नका, काचेच्या बरणीत थोडं घेऊन उजेडात बघा. काळसर आणि जळका वास म्हणजे ट्रान्समिशन बराच काळ तापलाय. दुधासारखं पांढुरकं म्हणजे पाणी शिरलंय, उभ्या ट्रॅक्टरवर पाण्याचा जोराचा फवारा मारल्याने पण झाकणातून, सीलमधून पाणी जातं. तळाला बारीक राखाडी गाळ थोडा असणारच, पण बोटांना टोचणारे चमचमते तुकडे दिसले तर नवीन तेलावर फार आशा ठेवू नका. उरलेलं सगळं जुनं तेल बंद डब्यात भरून जिथे वापरलेलं तेल गोळा करतात तिथे द्या, मातीत किंवा गटारात ओतू नका.

किती भरायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, के-४६ ला दोन लिटरच्या थोडं वर लागतं. आकडा क्वार्टमध्ये असेल तर एक अमेरिकन क्वार्ट म्हणजे ०.९४६ लिटर. भरून काठोकाठ करू नका, तेल तापलं की फुगतं, वरच्या टाकीला गार असतानाची रेघ असते तिथपर्यंतच.

आणि हवा काढणं विसरलात तर एवढं सगळं केलेलं वाया जातं. नवीन तेल भरल्यावर आत हवा अडकते, हवा दाबली जाते म्हणून ट्रॅक्टर धक्के देत चालतो, आवाज करतो आणि पंपाला वंगण मिळत नाही. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, मजबूत स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही, आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावा. बायपास उघडा ठेवून इंजिन हळू चालवा, पेडल किंवा दांडा सावकाश पुढे-मागे पाच-सहा वेळा करा. मग इंजिन बंद करा, बायपास बंद करा, परत चालू करून तेच पाच-सहा वेळा. लेव्हल बघा, कमी झाली असेल तर भरा. चाकं दोन्ही बाजूंना एकसारखी, धक्के न देता फिरेपर्यंत हे करत राहा. या वेळात फिरत्या चाकांजवळ हात, सैल कपडे आणि लहान मुलं नकोत. आणि ज्या मशिनला बाहेरून दाबाच्या नळ्या आहेत तिथे गळती बोटाने चाचपू नका, बारीक भोकातून येणारी तेलाची धार कातडीत घुसते, पुठ्ठा धरून बघा.

पुन्हा कधी बदलायचं? बाहेरून फिल्टर असलेल्या हायड्रो-गिअरच्या झेडटी मालिकेतल्या अनेक मॉडेलना पहिल्यांदा ७५ तासांनी आणि नंतर दर ४०० तासांनी तेल आणि फिल्टर बदलायला सांगितलंय. पहिल्यांदा एवढं लवकर कारण नवे भाग एकमेकांवर बसताना बारीक धातू सुटतो आणि तो आत फिरत राहणं चांगलं नाही. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर त्याचा आकडा बघा.

काम झालं की पहिले दोन तास चालवून, गार करून परत एकदा लेव्हल तपासा, कोपऱ्यात राहिलेली हवा तोपर्यंत निघालेली असते आणि तेल हमखास थोडं खाली जातं. आणि सीटच्या खाली एक टेप चिकटवून त्यावर कायमच्या मार्करने तेलाचं नाव, ग्रेड, तारीख आणि त्या दिवशीचे मीटरवरचे तास लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी वरून थोडं भरायला गेलं तर जवळ जो डबा असेल तो ओतणार नाही.